म्हात्रेकाकांची धाकटी

आमचे म्हात्रेकाका कुठल्याही सबस्टेशनात शिरले की समोरच्या अगडबंब ट्रान्सफॉर्मरकडे ढुंकूनही बघत नाहीत. सरळ मागच्या कोपऱ्यात जातात, तिथल्या ठेंगण्या ट्रान्सफॉर्मरसमोर उकिडवे बसतात आणि विचारतात, "काय गो, बरी हाय ना?"

ही त्यांची 'धाकटी'. मोठा ट्रान्सफॉर्मर अख्ख्या वस्तीला वीज पुरवतो. धाकटी पुरवते ती फक्त सबस्टेशनच्या स्वतःच्या दिव्यापंख्यांना आणि आवारातल्या क्वार्टर्सना. ती बंद पडली तर बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही.

माझं काम नकाशाचं. कुठलं घर कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर, हे संगणकावर मांडायचं. काका माझ्या हाताखाली, म्हणजे आपले कागदोपत्री. वरून हुकूम होता, फक्त ग्राहकांचे ट्रान्सफॉर्मर घ्या. काकांनी माझं डोकं खाल्लं. "साहेब, वाढनाऱ्याचं ताट कुनी वाढलं?" हा त्यांचा ठेवणीतला सवाल. ऑफिसातल्या एका लग्नात हेच विचारत ते थेट भटारखान्यात घुसले आणि आचाऱ्यांना पहिल्या पंगतीत आणून बसवलं. नवरदेवाचे मामा रिकाम्या पाटासाठी ताटकळत राहिले. अशा माणसाशी वाद कोण घालणार? मी हात टेकले, आणि ऐरोलीपासून खांदेश्वरपर्यंतच्या झाडून साऱ्या धाकट्या नकाशावर आल्या.

त्यातल्या सानपाड्याच्या धाकटीशेजारी एक लाल ठिपका आहे. घरात ऑक्सिजनच्या मशीनवर पेशंट असेल तर आम्ही असा ठिपका देतो. मग वीज बंद करण्याआधी त्या घरी फोन करावाच लागतो. हा ठिपका काकांच्याच क्वार्टरचा. गावात भावांची चार मजली इमारत आहे, पण लिफ्ट नाही. काकूंना जिना चढवेना, म्हणून दोघं इथे तळमजल्यावर राहिली. मशीनची घरघर सतत चालू. चहाला गेलं तरी ओरडून बोलावं लागे. वीज बंद होणार असा फोन आला की काका मशीन बंद करून काकूंना ऑक्सिजनचा सिलिंडर लावत.

काकू गेल्या, त्याला वर्ष होत आलं. ठिपका तसाच राहिला.

परवा वरून फर्मान सुटलं की सगळे ठिपके तपासा, गरज नसलेले काढून टाका. काकांना हे चारचौघांत सांगायला माझी जीभ रेटेना. दुपारी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरीच गेलो. आतल्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर होती, शेजारी ते मशीन, त्यावर स्वच्छ कापड. मी पाण्यापासून पगारवाढीपर्यंत सगळ्या विषयांवर बोललो, फक्त ठिपक्यावर नाही.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. फोन ते स्पीकरवरच घेतात, कानाला लावला की अर्धाच कळतो म्हणे. कंट्रोल रूममधून सुर्वे बोलत होता.

"काका, धाकटीचं तेल बघायचंय. तासभर बंद करतो. काकूंचं तेवढं बघून घ्या."

मी चपापलो. काकूंना खांदा द्यायला हाच सुर्वे सगळ्यात पुढे होता.

काका उठून आत गेले. जरा वेळाने बाहेर आले आणि फोनमध्ये म्हणाले, "हां, लावला सिलिंडर. कर बंद आता."

पंखा मंदावत थांबला. न उघडलेला लॅपटॉप मी परत पिशवीत सरकवला.

काकांनी ते पाहिलं असावं.

"येडा झाला म्हातारा, असं वाटलं ना तुमाला?" ते हळूच म्हणाले. "लाईट असली की घर खायाला उठतं, साहेब. मशीन का वाजत नाय, ते म्हाईत असतं. आता तासभर तरी वाटंल, लाईट नाय म्हनून बंद हाय."