आधी कापूस, मग गोळी

फैजपूरला नानांच्या दुकानातून शिंकांची गोळी विकत घेण्यापेक्षा एखाद्या घरी मुलगी मागायला जाणं सोपं होतं. मुलीचा बाप निदान चहा तरी विचारतो. नाना फक्त प्रश्न विचारायचे.

मी शहाऐंशी साली दिवाळीनंतर तिथल्या शाळेत रुजू झालो आणि आठवड्याभरात शिंकायला लागलो. वर्गात फळ्याकडे वळलो की एक, मुलांकडे वळलो की दोन. पोरं मोजायला लागली तेव्हा मी मधल्या सुट्टीत उठून बाजारपेठेतल्या औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरमागे पन्नाशीकडे झुकलेले, चष्मा कपाळावर सरकवलेले एक गृहस्थ बसले होते. मी शिंकांची ती पिवळी गोळी मागितली. त्यांनी कपाटाकडे हातसुद्धा नेला नाही.

"कापूस कुठी भरला?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, माणूस बहिरा आहे. मी पुन्हा गोळी मागितली.

"ते समजलं मले. तुम्ही राहता तठी कापूस कुठी भरला?"

आता हे खानदेशाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. वेचलेला कापूस शेतकरी लगेच विकत नाही, भाव चढायची वाट बघतो. तोवर तो घरातच ठेवतो. पुढच्या खोलीत, माळ्यावर, जागा असेल तिथे, पार आढ्यापर्यंत. माणसं उरलेल्या जागेत राहतात. माझ्या भाड्याच्या खोलीला लागूनच मालकांचा कापूस होता, मध्ये फक्त एक फळ्यांची भिंत. तसं मी सांगितलं.

"मंग गोळी तुम्हाले देऊ का कापसाले?" नाना म्हणाले. "आधी कापूस, मग गोळी. पलंग त्या भिंतीपासून हलवा. फटी बुजवा. दोन दिवसांनी या."

दोन दिवसांनी गेलो तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. सायकल आहे की मोटारसायकल? दारू घेता का? खोकल्याचं औषध चालू आहे का? काचबिंदू आहे का? दम लागतो का? आणि मग अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात, "लघवी साफ होते ना?" माझ्यामागे माझ्याच शाळेचे मुख्याध्यापक उभे होते. त्यांनी घाईघाईने भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. पुढचा नंबर त्यांचाच होता.

हा प्रश्न ते पन्नाशीपुढच्या माणसाला तर हमखास विचारत, तरुणांनाही सोडत नसत. या गोळीने म्हाताऱ्या माणसाची लघवी अडू शकते, असं त्यांनी मला नंतर शांतपणे समजावलं. पण विचारताना शांतपणा त्यांना जमत नसे. भीड नावाची चीज त्यांच्याकडे नव्हती, असं तेव्हा माझं पक्कं मत झालं.

गोळीने झोप येते, याचा तर त्यांनी ध्यासच घेतला होता. गाडी चालवणाऱ्याला ते गोळी देतच नसत. एकदा एका ट्रॅक्टरवाल्याने "पायी आलो" म्हणून थाप मारली. नानांनी काउंटरवरून वाकून त्याच्या चपला बघितल्या, मग रस्त्यावर जाऊन ट्रॅक्टर बघितला आणि किल्ली काढून गल्ल्याशेजारच्या खणात टाकली. ट्रॉलीत केळीचे घड, व्यापारी सावद्याच्या स्टेशनवर खोळंबलेला, ट्रॅक्टरवाला हातापाया पडतोय आणि नाना म्हणतात, "एक तं गोळी घे, नाही तं किल्ली. दोन्ही नाही भेटनार." त्याने किल्ली घेतली आणि शिंकत शिंकत गेला.

कोणी फार हुज्जत घातली की नाना नवरदेवाची गोष्ट काढत. जवळच्याच एका गावी लग्न होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, झोपायला जागा नाही, म्हणून नवरदेवाला मऊ अंथरूण म्हणून चक्क कापसाच्या ढिगावर झोपवलं. सकाळी हळदीच्या अंगाला खाज सुटली. पोरगं माकडासारखं खाजवतंय. एका मेव्हण्याने खाजेची गोळी दिली. दुसऱ्या मेव्हण्याला ते माहीत नव्हतं, त्यानेही दिली. शिंका येतात म्हणून मावशीने खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे पाजले. औषधांची नावं तीन, पण आत एकच माल. वरात निघाली आणि नवरदेव घोडीवर झोपला. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून त्याला मांडवात आणलं. मंगलाष्टकं संपली तरी त्याची मान खालीच, आणि बायका म्हणतात, किती लाजाळू पोरगा आहे.

"नशीब, घोडी जागी होती," नाना म्हणत. पण हसत नसत. "बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलं ते वाचत जा. आणि ओठ सुजले, श्वास लागला तं माझ्याकडे येऊ नका, सरळ दवाखान्यात जा."

मला हा माणूस आवडायला लागला. संध्याकाळी शाळा सुटली की मी दुकानातल्या बाकावर जाऊन बसायचो. हळूहळू कळलं की नानांना मूलबाळ नाही. घरी मोठे भाऊ आबा आणि त्यांचं कुटुंब. नानांच्या पत्नी मात्र माहेरी, साक्रीला असतात. "भाऊबीजेले जाते, होळीले येते," एवढंच नाना म्हणाले आणि गोळ्यांच्या पट्ट्या नीट लावायला लागले. मी पुढे विचारलं नाही. गावात मात्र लोक बोलायचे, की एवढे प्रश्न विचारणाऱ्या माणसाजवळ कोणती बाई राहील.

जानेवारीत मला शिक्षकांच्या शिबिरासाठी चार दिवस धुळ्याला जायचं होतं. नानांना कळलं तसं ते दुकान सोडून शाळेच्या फाटकापर्यंत आले. हातात तिळगुळाचा डबा आणि एक जाड पाकीट होतं. "धुळ्याहून साक्री काही लांब नाही, सर," म्हणाले. तेवढं बोलतानाही त्यांचे कान लाल झाले होते.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी साक्रीची एसटी पकडली. नानांच्या पत्नी, म्हणजे काकू, अंगणात उन्हात बसून शेंगा फोडत होत्या. मी कोण, कुठून आलो, हे सांगितल्याबरोबर त्यांनी घरात हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि पाकीट फोडलं. वाचता वाचता हसायला लागल्या.

"चौदा प्रश्न शेतस, भाऊ," साक्रीकडच्या अहिराणीत म्हणाल्या. "शिंका कितल्या येतस, डोया खाजतस का, घर झाडतांना नाकले फडकं बांधस का. कशी शेस, हाई मात्र नही इचारं." चौदा प्रश्नांत 'कशी आहेस' तेवढं नव्हतं.

मग चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. फैजपूरच्या घरात पुढच्या खोलीत दर हिवाळ्यात आबांचा कापूस भरतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांना इतक्या शिंका, इतकी धाप की जळगावला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. कापसापासून लांब ठेवा, डॉक्टर दोघांना म्हणाले. दुसऱ्या वर्षी नानांनी गोळी देऊन पाहिली. शिंका थांबल्या, पण काकू झोपेतच. नाना दुकानातून जेवायला यायचे तेव्हा त्या झोपलेल्या, रात्री यायचे तेव्हा झोपलेल्या. भाकरी तव्यावर टाकली की डोळा लागायचा. पंधराव्या दिवशी नानांनी गोळ्या बंद केल्या आणि स्वतः त्यांना साक्रीला आणून सोडलं. जाताना म्हणाले, की झोपलेली जवळ राहण्यापेक्षा तू लांब राहा, पण जागी राहा.

"बठ्ठा गावले सांगतस, कापूस बाहेर काढा," काकू म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "आपला घरमा मात्र तोंड उघडत नही. बारा वरीस झायात, भाऊ. आठे माले एक शिंक येत नही. पण आठे मनं काय शे?"

इथे माझं काय आहे, हा त्यांचा प्रश्न घेऊनच मी एसटीत बसलो. मी परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन नानांना सरळ विचारलं, की आबांना का सांगत नाही?

नानांनी कपाळावरचा चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आबानं स्वतः शाळा सोडली अन् मले शिकवलं. हे दुकान त्याच्यामुळे. त्याले घरातला कापूस म्हनजे लक्ष्मी वाटते. आल्यागेल्याले दाखवतो. त्याच्या लक्ष्मीनं माझ्या बायकोले त्रास होतो, हे कोन्या तोंडानं सांगू?"

मला राग आला. मुख्याध्यापकांना चारचौघांत लघवी विचारणारा हा माणूस सख्ख्या भावाशी दोन वाक्यं बोलू शकत नव्हता आणि तिकडे एक बाई बारा हिवाळे परक्यासारखी अंगणात बसत होती. मी तसं बोलूनही टाकलं. नानांनी ऐकून घेतलं. रविवारी दुपारी ते माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, "चला. तुम्ही फक्त बसा."

पुढच्या खोलीत कापूस आढ्याला टेकला होता. त्याच्या पायथ्याशी खाट टाकून आबा बसले होते, धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे. चहा झाला. केळीच्या भावावर बोलणं झालं. पुन्हा चहा झाला. नाना तोंड उघडायचे आणि केळीवरच काहीतरी बोलायचे. शेवटी मी जोरात शिंकलो. ती शिंक खरी होती. नाना एकदम उठून उभे राहिले.

"आबा, या कापसानं तिले त्रास होतो. म्हनून ती हिवाळ्यात इथं राहत नाही."

आबांनी कप खाली ठेवला. एकदा कापसाकडे पाहिलं, एकदा भावाकडे.

"कापसानं?" ते म्हणाले. "अरे, मले वाटे तिले आपलं घरच आवडत नाही. म्हनून मी कधी विषय काढला नाही. तुले वाईट वाटलं असतं." मग म्हणाले, "खळ्यातली खोली तं रिकामीच पडली आहे, बापा."

दोन दिवसांत गाड्या भरून कापूस खळ्यात गेला. साक्रीला पत्र गेलं, आणि येत्या गुरुवारच्या बसने निघते, असं काकूंचं उत्तर आलं.

मंगळवारी दुकान बंद दिसलं म्हणून मी घरी गेलो. नाना त्या रिकाम्या खोलीत एकटेच बसले होते. भिंती झाडलेल्या, फरशी धुतलेली. तीनदा धुतली, आबांच्या घरच्यांनी मला सांगितलं. मला वाटलं होतं, नाना आनंदात असतील. पण त्यांचे डोळे सुजले होते.

"एका वाक्याचं काम होतं, सर," ते म्हणाले. "बारा वर्षं गेली." मग फरशीवरून हात फिरवत म्हणाले, "उन्हाळ्यातली, पावसाळ्यातली ती मले पाठ आहे. पन थंडीत ती शाल घेते का आनखी काही घालते, मले माहीत नाही. खरंच नाही माहीत. आता घोंगडी काढून ठेवू का रजई, हेसुद्धा समजत नाही."

मला माहीत होतं. साक्रीच्या अंगणात त्या एक जुना तपकिरी पुरुषी स्वेटर घालून बसल्या होत्या, बाह्या दोनदा दुमडून. माझी नजर गेलेली पाहून त्यांनी स्वेटरचं वरचं बटण लावलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "त्यासना शे." म्हणजे, नानांचा.

मी नानांना काही सांगितलं नाही. गुरुवारची बस यायला दोनच दिवस राहिले होते.