पांच मासे दारूची हकीकत

श्रीवनदेवता सांभाळो. शके सोळाशें चवेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर. कोणी शोभकृत् म्हणतात, आम्हांस दोन्ही पटतें. ते वर्षीं एका राज्यांत मस्तवाल गवा उतरला आणि रयतेचें भात तुडवूं लागला, मग महाराजांनीं भर दरबारांत पण केला जे, "पिस्तुलाचे एका बारांत गवा पाडूं, न पडे तरी हें पागोटें त्याचे पायीं ठेवूं!" काय ही दुर्बुद्धि! परंतु बोलून गेले, आणि राज्याची अब्रू पागोट्यास लटकली. मग रानांत डेरे पडले, आणि कारभारी निळोपंत म्हणाले, "महाराज, गोळी मऊ शिशाची असावी, आंत जाऊन पसरते." आणि शिकारखान्याचे धारराव कडाडले, "पंत, मऊ गोळी कातड्यावरच चपटी होईल! कथील घालून कठीण ओता, हाड फोडील." पंत म्हणाले, "आरपार जाईल, आणि गवा आपले अंगावर येईल!" महाराजांस दोघांचेंही पटलें. मग दारू तीन मासे कीं पांच, यावर दोन प्रहर गेले, आणि महाराज त्रासून छावणीकडे ओरडले, "पांच मासे दारू, सत्वर आणा!"

आतां मासा म्हणजे तोळ्याचा बारावा हिस्सा. परंतु मुदपाकखान्यास मासा एकच ठाऊक. त्यांनीं पांच मरळ तळून आणिले आणि मोहाची घागर आणिली. आलें तें परत कसें धाडावें, म्हणोन सर्वांनीं आरोगिलें. मग पंतांनीं गुपचूप मऊ गोळी भरली, आणि धाररावांनीं तीवर कठीण ठोकली, आणि पुसिलें, "पंत, दारू गेली का आंत?" पंत ढेकर देऊन बोलले, "केव्हांच!"

इतक्यांत गवा निघाला. महाराजांनीं चाप ओढिला, तों खट्ट! एवढेंच. "पंत, बार कोठें?" मग महाराजांनीं बोलल्याप्रमाणें पागोटें खालीं ठेविलें आणि झाड गांठिलें. गव्यानें पागोटें हुंगिलें, तें शिंगांत अडकलें, आणि तो तसाच भातांत गेला. रयतेनें लांबून पागोटें पाहून मुजरे केले. खालीं कोण, हें पाहण्याची चाल त्या राज्यांत नव्हती. सांजचे महाराज उघड्या डोक्यानें वेशीस पातले, तों पहारेकरी म्हणाला, "पागोट्यावांचून आंत सोडूं नये, महाराजांचा हुकूम आहे."

"अरे, आम्हीच महाराज!"

"काय थट्टा करतां बुवा! महाराज भातांत आहेत. आतांच मुजरा करून आलों."

एवंच, गोळी मऊ कीं कठीण, याचा निर्णय अद्याप जाहला नाहीं. भात मात्र संपलें.