सुभेदारीणबाईंचा अकरा पानी अर्ज

स्नेहलतागंजातील आमच्या शेजारीण सुभेदारीणबाई दूधवाल्याला आधी सावधान उभे करीत, मगच भांडे पुढे धरीत. "पहले सीधे खडे रहो, भिया." ताठ उभा असलेला माणूस दुधात पाणी घालू शकत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. पती होळकरांच्या फौजेत सुभेदार होते. ते गेले, मूलबाळ नव्हते. कवायत तेवढी घरात उरली.

मी निवृत्त शिरस्तेदार. नगरपालिकेपासून टपालखात्यापर्यंत माझ्या पत्रांचा धाक आहे, अशी माझी समजूत. उत्तरे येत नाहीत, हा त्या धाकाचाच पुरावा मी मानतो.

एके सकाळी बाई माझ्यासमोर ताठ बसल्या. छातीत गाठ आहे, छावणीच्या लष्करी इस्पितळासाठी अर्ज लिहा, म्हणाल्या. केव्हापासून, कोणत्या बाजूस, दुखते का, असे मी विचारीत गेलो. त्या सांगत गेल्या. चार दिवस खपून मी अकरा पाने लिहिली. संस्थान विलीन झाले म्हणून सुभेदाराच्या विधवेचा हक्क विलीन होत नाही, हे कलमवार सिद्ध केले. दाव्याची धमकी दिली. मर्यादा म्हणून गाठीच्या जागेस मात्र सर्वत्र 'सदर अवयव' असे संबोधले.

उत्तर दोन ओळींचे आले. कोणता अवयव ते समजत नाही. रुग्णास ताबडतोब आणा, अर्जाची गरज नाही.

निदान कर्करोगाचे झाले. एक स्तन काढावा लागला. आणखी उशीर झाला असता तर कठीण होते, असे सर्जनसाहेब म्हणाले, तेव्हा मी माझी अकरा पाने मनातल्या मनात फाडली.

महिन्याभराने भेटीस गेलो. हात मोकळा व्हावा म्हणून बोटे भिंतीवर चढवण्याचा व्यायाम होता. बाईंनी वॉर्डातल्या साऱ्या बायका भिंतीशी रांगेत उभ्या केल्या होत्या, त्यात एका कर्नलची पत्नीही होती. "एक, दो. ऊपर!"

मी क्षमा मागू लागलो.

"अर्ज लागत नाही, हे मला ठाऊक होतं, शिरस्तेदारसाहेब," त्या हळूच म्हणाल्या. "यांच्या आजारपणात मीच तर इथे ये-जा करीत होते."

"मग माझ्याकडून लिहून का घेतलात?"

"घरी कुणाला सांगणार होते? तुम्ही केव्हापासून ते विचारलंत, दुखतं का ते विचारलंत."

या गोष्टीला पाच वर्षे झाली. सोमवारी त्यांची वार्षिक तपासणी आहे. काल मी त्यांना बोलावून समोर बसवले, काही त्रास होतो का विचारले, आणि कागद पुढे न ओढता ऐकत राहिलो.