तीनशे एकाहत्तर किलो

गुरुवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. एकूण वजन तीनशे एकाहत्तर किलो. हजर माणसे पाच: मी, माझी पत्नी, तिचे कंधारचे बंधू बाबूराव, आमच्या समोरच्या घरातले गंगाधरतात्या आणि तात्यांच्या थोरल्या बहीण सुंदराक्का. ठिकाण, नेपाळातला एक डोंगराळ विमानतळ. नोंद माझ्या वहीत आहे. ती कशी झाली हे सांगायचे तर आधी तात्या सांगावे लागतील.

गंगाधरतात्या लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. शेतकऱ्याचे पोते काट्यावर चढले की आकडा मोठ्याने पुकारायचा, हे त्यांचे काम. सेवा संपून सहा वर्षे झाली, पण नजर अजून कामावरच आहे. सकाळी फाटक उघडून आपण नमस्कार म्हणावा, तर तात्या आपल्याला टाळूपासून टाचेपर्यंत बघतात आणि म्हणतात, "एकोणऐंशी. मंगळवारपासून पाऊन किलो वाढलाव, साहेब." मी घरात जाऊन वजन करतो. पाऊण किलो वाढलेला असतो. एक महिना मी याचा हिशेब ठेवला. बावीस वेळांत ते एकदा चुकले, आणि त्या दिवशी माझ्या पायांत बूट होते.

लग्नात अक्षता टाकता टाकता ते माझ्या कानात सांगतात, "नवरदेव बासष्ट. त्यातला फेटा दीड." टरबूज, सिलिंडर, मिरवणुकीतला बैल, कशालाच माफी नाही. फक्त बायकांचे वजन ते कधी सांगत नाहीत. एकदा माझ्या पत्नीने मुद्दाम विचारले, "तात्या, माझं किती असंल हो?" तात्यांनी मान वळवली, आमच्या तुळशीकडे बघितले आणि म्हणाले, "कुंडी अठरा किलो." असे का, हे मला त्या गुरुवारपर्यंत कळले नव्हते.

सुंदराक्का किल्लारीला राहतात. भूकंपाच्या साली त्यांच्या पत्र्याच्या शेडजवळच्या रानात रोज हेलिकॉप्टर उतरायचे. तेव्हा त्या तात्यांना म्हणाल्या होत्या, "एकदा त्याच्यात बसून वर जायचं हाय मला." तात्यांनी ते लक्षात ठेवले. यंदा त्यांनी नेपाळातले मुक्तिनाथ ठरवले, तिथे वर हेलिकॉप्टरही जाते म्हणून, नांदेडच्या एका यात्रावाल्याकडे पाच जागा घेतल्या, आणि हिशेबाला माणूस पाहिजे म्हणून मला सोबत घेतले.

वर नेणारी कंपनी लहान होती. दोन छोटी विमाने, काही हेलिकॉप्टर. तिचा कारभार मला शेवटपर्यंत उमगला नाही. सहा वाजता खिडकीवरच्या माणसाने सांगितले, विमान सात वाजता. सात वाजता म्हणाला, वर वारा आहे, विमान रद्द. सात वीसला म्हणाला, रद्द नाही, उशीर. सात चाळीसला आम्हाला विमानातून काढून हेलिकॉप्टरमध्ये घातले. म्हणजे कागदावर, आम्ही त्याच बाकावर बसलो होतो. सामान मात्र विमानाकडे गेले होते. चार पिशव्या परत आल्या, बाबूरावांची आली नाही.

"हे सगळं ठरवतं कोण?" मी खिडकीवर विचारले.

त्याने बोटाने डोंगर दाखवला.

एवढे मात्र त्याने स्पष्ट सांगितले की नऊनंतर वारा वाढतो आणि मग काहीच उडत नाही. दुसऱ्या दिवशी आमचा परतीचा प्रवास होता. म्हणजे वर जायचे तर तासाभरात.

नियम असा होता: पाच जण मिळून तीनशे पंच्याहत्तरच्या वर नकोत, आणि माणशी पंच्याहत्तरच्या वर प्रत्येक किलोला जादा पैसे. खिडकीपाशी काटा होता. त्यावर लाल आकडे उमटायचे आणि तो माणूस ते साऱ्या दालनाला ऐकू जातील असे वाचायचा. आमच्यात पहिली हाक त्याने वयाचा मान म्हणून सुंदराक्कांना दिली.

अक्का उठल्या, काट्यापर्यंत गेल्या, आकड्यांकडे बघितले आणि परत येऊन बाकावर बसल्या.

"मी न्हाई येत. तुमी जाऊन या."

"अहो अक्का, हेलिकॉप्टरला भ्यालात का काय?" बाबूराव म्हणाले.

"त्याला कोन भेतंय?" अक्का म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत राहिल्या.

पत्नीने समजावले, मी समजावले. तीस वर्षांची इच्छा दारात उभी असताना ही बाई उठत का नाही, हे आम्हा तिघांच्या डोक्यात शिरेना. तात्या उठले. मला हाताला धरून नळापाशी घेऊन गेले.

"साहेब, आमचा बापबी मापाडीच होता. मी दहा वर्साचा असंन, अक्का चौदाची. आमी भाकर घेऊन मोंढ्यात गेलो. हमालांनी गमतीनं तिला काट्यावर बशिवलं. अन् मी आकडा पुकारला. बाप पुकारायचा तसा, लांब सूर लावून. समदा मोंढा हसला. अक्का लगीन होईस्तवर मोंढ्याच्या अंगाला फिरकली न्हाई. अन् काट्यावर आजपावतर चढली न्हाई, दवाखान्यातबी न्हाई."

"लहान होता तुम्ही," मी म्हणालो. "चुकतं माणूस."

"चुकलो नव्हतो. आकडा बराबर होता, साहेब. तेच तर वाईट."

मग ते एकदम कुठेतरी बघू लागले. समोर मालाची शेड होती. तिथे तांदळाची पोती वर पाठवण्यासाठी तोलत होते. लोखंडी पाट्याचा मोठा काटा, पलंगाएवढा. तात्या सरळ खिडकीवर गेले आणि त्यांच्या मोंढ्याच्या हिंदीत म्हणाले, "साब, एकेक दाना कायकू तोलते? हमारे पास ट्रॅक्टर आता तो भरी गाडी तोलते. पाँचों को एकसाथ तोलो."

तो माणूस गोंधळला. सकाळपासून दुसऱ्यांना गोंधळात टाकणाऱ्याला ही पाळी नवी असावी. त्याने आतल्या माणसाला विचारले, आतल्याने बाहेरच्याला. शेवटी घड्याळ बघून तो म्हणाला, चला.

तात्या अक्कांसमोर उकिडवे बसले. "अक्का, आपुन गाडीत बसायलोत समज. आकडा गाडीचा येतो, मानसाचा येत न्हाई."

अक्कांनी तोंडावरचा पदर काढला. "पुकारनार कोन?"

"मी."

मालाच्या काट्यावर आम्ही पाच जण एकमेकांना धरून उभे राहिलो. अक्का मधे, आम्ही चौघे भोवती. बाबूराव म्हणाले, "तात्या, माझी पिशवी हरवली म्हणून बरं, न्हाई तर मलाच उतरवलं असतं." काटा हलला, थांबला. आणि तात्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा सूर लावला, "तीऽऽनशे एकाहत्तऽऽर." पोती उचलणारे थांबून बघू लागले. एक जण हसला. त्याच्यामागून अक्काही हसल्या.

"आता बराबर पुकारलास, गंग्या," त्या म्हणाल्या.

भागाकार मीच करून दिला: माणशी चौऱ्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम. जादा काही निघत नव्हते. तो माणूस खूष होता. पण आम्ही हेलिकॉप्टरकडे निघालो तेव्हा तात्या मागे फिरले आणि त्याच्या कानात काहीतरी बोलले. त्याने तात्यांना वरून खाली बघितले. तात्या म्हणजे वाळकी तुराटी, पंच्याहत्तरच्या आसपासही नाहीत. पुन्हा बघितले, मान हलवली आणि पावतीबुक काढले.

वैमानिकाची नजर तात्यांच्याच जातीची निघाली. कोणाला काही न विचारता त्याने तोल साधायला अक्कांना पुढे, आपल्या शेजारी बसवले. मी मागे वही उघडली. माझे वजन मला माहीत, पत्नीचे घरच्या काट्यामुळे माहीत, बाबूरावांचे ते स्वतःच सगळ्यांना सांगतात, तात्यांचे तात्यांनी पूर्वी सांगितले होते. सवयीने चार आकडे एकाखाली एक लिहिले; तीनशे एकाहत्तरातून वजाबाकी तेवढी राहिली होती. आवाज इतका होता की बोलणे शक्य नव्हते. तात्यांनी फक्त आपला हात त्या पानावर ठेवला, आणि उतरेपर्यंत काढला नाही.

वर उतरल्यावर अक्का बर्फाच्या डोंगराकडे बोट करून म्हणाल्या, "आता ह्येचं सांग की रे वजन."

तात्यांनी डोळे बारीक करून पुष्कळ वेळ बघितले. "न्हाई सांगता येत, अक्का."

लातूरला परत आल्यावर खर्च पाच ठिकाणी वाटण्यासाठी तात्यांनी सगळ्या पावत्या माझ्याकडे दिल्या. एक सोडून. ती चुकून शर्टाच्या खिशात राहिली होती. धुवायला काढताना त्यांच्या सुनेला सापडली आणि तिने ती हिशेबासाठी मला आणून दिली. मी ती वाचली आणि तात्यांना परत केली. वाटणीत धरली नाही. माझ्या वहीत त्या ओळीपुढचा रकाना तेवढा कोरा आहे: जादा वजनाचे पैसे, प्रवासी गंगाधरतात्या, विमान कंपनीच्या खिडकीवर रोख भरले.