गजूभाऊंचा डबा

संगीत ही कानांची साधना आहे, असे मी आर्णीत पंचवीस वर्षे सांगत आलो आहे. आमच्या ऑर्केस्ट्राचा मुख्य गायक आणि हायस्कूलचा मराठीचा शिक्षक, अशा दोन्ही अधिकारांनी. आमचे ड्रमर गजूभाऊ मात्र ड्रमचा सूर लावतात तो तेलाच्या रिकाम्या डब्यावर.

एरवी ते मोटारसायकली दुरुस्त करतात. कार्यक्रम मैदानावर असला की दोन तास आधी हजर. पहिले काम, बेस ड्रमच्या पोटातली उशी काढणे. सभागृहात आवाज घुमतो, तिथे ती लागते. "उघड्यावर आवाज पळते, मास्तर. त्याले भिंत नाही भेटत. वरून उशी कायले कोंबाची?" मग समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेरा आवळायचे, चाकाचे स्पोक आवळावेत तसे. नंतर मला स्टुलावर बसवून पायाखालचे पॅडल मारायला लावायचे आणि स्वतः डबा घेऊन मैदानाच्या पार टोकाला, कडुनिंबाखाली जाऊन बसायचे. डबा मांडीवर, दोन्ही तळवे पत्र्यावर, डोळे मिटलेले.

"हाना, मास्तर!"

मी हाणतो.

"डबा बोलून नाही राह्यला!"

मैदान ओलांडून ते परत येतात, पाव फेरा देतात, पुन्हा जातात, पत्रा तळव्यांखाली थरथरेपर्यंत. ऊन उतरले की ड्रमवरचे पान आखडते, म्हणून सगळे पुन्हा पहिल्यापासून.

मला त्यांचा हेवा वाटतो, हे लपवण्यात अर्थ नाही. आठ दिवस मी थंड पाणी पीत नाही, ज्येष्ठमध चघळतो, आणि लोक मलाच विचारतात, "आज गजूभाऊ हायेत ना?" एकदा मला पॅडल मारताना एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी पाहिले. "वा मास्तर! गजूभाऊच्या हाताखाली लागले का?"

त्या नवरात्रात मी ठरवले. डबा बोलला, गजूभाऊ समाधानाने चहाला गेले आणि मी उशी पुन्हा ड्रममध्ये कोंबली.

कार्यक्रम सुरू झाला. धम्मच्या जागी थप्प. माझा आवाज प्रथमच मोकळा सुटला. गाताना मी पहिल्या रांगेपलीकडे सहसा पाहत नाही. तिथे पाहुणे असतात. त्या दिवशी प्रमुख पाहुणे अजून यायचे होते, खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून नजर थेट कडुनिंबापर्यंत गेली.

तिथे सुशीलावहिनी बसल्या होत्या. गजूभाऊंच्या पत्नी. चार वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचे ऐकू येणे पार गेले, तेव्हापासून त्या कार्यक्रमाला येत नसतील असे मी धरून चाललो होतो. त्यांच्या मांडीवर तो डबा होता. दोन्ही तळवे पत्र्यावर. त्यांनी डबा फिरवून पाहिला, बुडावर टिचकी मारली, पुन्हा तळवे ठेवले. मग स्टेजकडे पाहिले, ओळखीचे माणूस न बोलता पुढे गेल्यावर पाहावे तसे.

गजूभाऊ घामाघूम होऊन पॅडल हाणत होते. नजर कडुनिंबावर.

कडवे अर्धे टाकून मी थांबलो. सगळ्यांसमोर वाकलो आणि ड्रमच्या पुढच्या भोकातून उशी ओढून काढली.

"हे तं मी काढली होती," गजूभाऊ म्हणाले.

"मीच कोंबली."

"काहून?"

"माझा आवाज ऐकू येत नव्हता."

त्यांनी जरा विचार केला. "मंग सांगाचं ना, मास्तर. तुमचा माईक वाढवला असता."

मग गाण्याची वाट न पाहता त्यांनी एकच ठोका दिला. धम्म. टोकाला वहिनींनी डब्यावरचा एक हात उचलून दाखवला. पुढचा सबंध कार्यक्रम गजूभाऊंनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही आणि मी एकदाही सूर सोडला नाही.

सामान आवरताना वहिनी डबा काखेत धरून स्टेजपाशी आल्या. "भाऊजी, आज लय मस्त गायले तुमी."

पंचवीस वर्षांतली ही माझी पहिली मनापासूनची दाद.

माझ्या बायकोचे दोन्ही कान उत्तम आहेत. ती कार्यक्रमाला येत नाही.