रंगूतात्यांचं निदान

आमच्या गल्लीतले रंगूतात्या कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडण्याआधी चपला काढतात. देवळात जाताना मात्र याची त्यांना आठवण करून द्यावी लागते. बॉनेट उघडलं की कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं आत बघतात, मान हलवतात आणि मग मालकाकडं अशी नजर टाकतात, जणू त्यानं सख्ख्या आईला उपाशी ठेवलंय.

तात्या फौजेत ट्रक दुरुस्त करायचे. निवृत्त होऊन कवठे महांकाळला परत आले त्याला बरीच वर्षं झाली, पण त्यांचं प्रत्येक वाक्य अजून लडाखातूनच निघतं. ‘मायनस वीस डिग्रीला बर्फातनं ट्रक चालू केल्यात आमी. ही तुमची डबी काय घिऊन बसलाय, मास्तर?’

ही डबी म्हणजे माझी सेकंडहँड गाडी. दिवाळी झाली आणि तिनं सकाळी चालू व्हायचं सोडलं. चावी फिरवली की नुसतं टक टक. दहा-बारा वेळा विनवण्या केल्या आणि तिच्या मनात आलं, तरच सुरू. हे मी गल्लीत बोलून दाखवलं, ही माझी चूक. अर्ध्या तासात तात्या पान्यांची पेटी घेऊन दारात.

‘आदी निदान, मग पाना,’ हे त्यांचं ब्रीद. ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात निदान रोज बदलायचं आणि पाना रोज चालायचा. पहिल्या दिवशी प्लग खराब होते. मग पेट्रोलात पाणी निघालं. पेट्रोल बदलूनही टक टक थांबेना, तेव्हा दोष माझ्या मनगटात सापडला. ‘चावी आशी फिरवत्यात व्हय? खडू धरल्यावानी धरताय.’ पंचवीस वर्षं शिकवून मी एवढा अपमान वर्गातसुद्धा सोसला नव्हता.

शेवटी गाडी ढकलत स्टँडजवळच्या गॅरेजात न्यायची ठरवली, तर प्लगच जागेवर नाहीत. तात्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या घरी नेले होते. ‘गॅरेजात लय हात लागत्यात,’ म्हणाले. ‘निदान हुईस्तवर प्लग माझ्या ताब्यात.’ डॉक्टरनं रोग्याचं हृदय घरच्या फडताळात ठेवावं, तसा हा कारभार.

एरवी मी हा तमाशा सोसलाही असता. पण त्या रविवारी सांगलीला माझ्या मुलीची, प्रियांकाची, भरतीची परीक्षा होती. आधी दोनदा ती थोडक्यात राहिली होती आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी. पहिल्या एसटीनं गेलो असतो तर बंद फाटक बघायला मिळालं असतं. लग्नसराईत भाड्याची गाडी मिळत नव्हती. मी तात्यांना चढ्या आवाजात सांगितलं, ‘तुमच्या हौसेपायी माझ्या पोरीचं नुकसान व्हायला नको.’ तात्यांनी पाना पेटीत ठेवून झाकण लावलं. पहिल्यांदाच.

शनिवारी दुपारी ते प्लग घेऊन आले. बसवले. मग बॅटरीवर वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘पातेलंभर कढत पानी आना. आनि जुना दात घासायचा ब्रश.’ बॅटरीच्या तारा जिथं जोडतात तिथं पांढरट-हिरवा थर जमला होता. तो त्यांनी खरवडला, धुतला, पुसला. मी चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू.

‘काय होतं?’ मी विचारलं.

‘किरकोळ हुतं,’ म्हणाले आणि पेटी उचलून निघून गेले. पंक्चरवर तासभर प्रवचन देणारा हा माणूस. मी वाकून बघितलं. खरवडलेल्या थरात कुंकवाचा रंग होता.

मग डोक्यात उजेड पडला. खंडेनवमीला गल्लीतल्या सगळ्या गाड्यांची पूजा तात्याच करतात. बाकीची दुनिया चाकापुढं नारळ फोडून मोकळी होते. तात्या बॉनेट उघडून आत कुंकू वाहतात आणि करवंटीतलं पाणी थेट त्यावर शिंपडतात. ‘हार भाईरच्याला, आनि उपाशी काम करनारा आत,’ असं वर ऐकवतात. तेच पाणी महिनाभर माझी बॅटरी खात बसलं होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. सोमवारी ही गोष्ट सबंध गल्लीला कशी सांगायची, याची मी बायकोपुढं तालीमही केली.

रविवारी गाडी पहिल्या चावीला चालू झाली. सांगलीला वेळेआधी पोहोचलो, प्रियांका आत गेली, फाटक बंद झालं. मी समोरच्या टपरीवर टेकलो, तर धुळीनं माखलेली एक मोपेड येऊन थांबली. तात्या. पायांपाशी दोरीनं बांधलेली भलीमोठी बॅटरी.

‘पोरगी गेली आत?’

‘गेली. तुम्ही इथं कसे?’

‘ट्रॅक्टरची काढून आनली. वरनं पुसलं हुतं, पन तार आतनं खाल्ली आसली तर? मिरजंपस्तोर मागंच हुतो. फुडं तुमी गावलाच न्हाई.’ ते दोरी सोडायला वाकले आणि मान वर न करता म्हणाले, ‘नारळाचं पानी मीच वतलं हुतं, मास्तर. चुकलं.’

मला माझीच लाज वाटली. म्हटलं, ‘आता पेपर सुटायला दोन तास आहेत. तुम्ही जा घरी.’

तात्या गेले नाहीत. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आईबापांकडं बघत होते. ‘आमची सुरेखा बारावीला बसली तवा मी तिकडं वर बर्फात,’ ते म्हणाले. ‘लगीन ठरल्यालं बी फोनवर कळलं.’ मग त्यांनी हळूच विचारलं, ‘हितं थांबून बापानं नेमकं काय करायचं आस्तंय?’

‘काही नाही, तात्या. नुसतं थांबायचं.’

ते त्या आईबापांत जाऊन उभे राहिले. मी चहा नेऊन दिला, तो त्यांनी उभ्यानंच घेतला, फाटकावरची नजर न काढता.