तेहेतीस नंबरचा रंग

कार्टून मालिका बंद पडली की तिच्यातल्या जनावरांना नव्वद दिवसांच्या आत माणूस व्हावं लागतं, आणि माणूस झालेल्याच्या कातडीला रंग द्यावा लागतो. कऱ्हाडच्या रूपांतर कार्यालयात हा रंग टेबल क्रमांक सहावर मिळतो. आधीच्या पाच टेबलांवर उंची, वय, दात, नाक आणि आडनाव मिळतं. शिंगं आणि शेपट्या तिसऱ्या टेबलावर जमा करायच्या असतात, त्याची रीतसर पोच मिळते. ही पाचही कामं आता यंत्रं करतात. रंग ठरवणारं यंत्र अजून निघालेलं नाही, म्हणून सहाव्या टेबलावर गेली बावीस वर्षं नलिनी देशमाने बसते.

तिच्या मागच्या फळ्यांवर चाळीस बरण्या आहेत. वरच्या फळीवरच्या रंगांना नावं आहेत: मोगरा, केतकी, दूधसाखर, साय, उजळ गव्हाळ, गव्हाळ, निमगोरा वगैरे. विसाव्या बरणीपासून नावं संपतात आणि नुसते नंबर सुरू होतात. ही नावं कोणी दिली आणि विसाव्या बरणीशी येऊन त्याला दम का लागला, याची नोंद दप्तरात सापडत नाही.

अर्जात ‘अर्जदाराची पसंती’ असा रकाना आहे, पण तो नलिनीच भरते. तिच्या आधीचे हर्डीकर निवृत्त होताना तिला म्हणाले होते की लोकांना पटलं पाहिजे, बाकी नियम काही नाही. ते तिने पक्कं धरून ठेवलं. एका मालिकेतला बगळा पांढराशुभ्र होता, पण मासे चोरायचा, त्याला एकतीस नंबर मिळाला. दुसऱ्या मालिकेतलं अस्वल काळंकुळकुळीत होतं, पण नायक होतं, त्याला उजळ गव्हाळ मिळाला आणि ते साऱ्या कार्यालयाला पेढे वाटून गेलं. लोकांना दोन्ही पटलं. बावीस वर्षांत एकही तक्रार आली नाही, आणि याचा नलिनीला अभिमान होता.

नलिनीचा स्वतःचा रंग तेहेतीस नंबरचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर, तिने आपला हात एकेका बरणीशेजारी धरून पाहिला होता. तेहेतीसपाशी हात आणि बरणी वेगळी ओळखू येईना. तेव्हापासून ती बरणी तिने फळीच्या टोकाला सरकवून ठेवली. एवढ्या वर्षांत तिने तो रंग एकदाच दिला, अंडी पळवणाऱ्या एका तरसाला, आणि त्या दिवशी तिला डबा गेला नाही.

‘तळ्याकाठची शाळा’ ही मालिका बंद पडून बरोबर नव्वद दिवस झाले त्या दिवशी दुपारी दोन वाजता भागामाई नावाची म्हैस सहाव्या टेबलाशी आली. उंची, दात, आडनाव सगळं मिळालं होतं. शिंगांची पोच कनवटीला होती. नुसता रंग राहिला होता, त्यामुळे ती तेलात भिजलेल्या कागदासारखी दिसत होती, तिच्या आरपार खुर्चीचं वेताचं विणकाम मोजता येत होतं. मुदत साडेपाचला संपत होती. मुदत संपली की बिनरंगाचा माणूस दिसेनासा होतो. तो असतो, बोलतो, कर भरतो, पण त्याच्यासाठी रिक्षा थांबत नाही.

भागामाईला पाहून नलिनीला भरून आलं. तिची मुलगी अनघा लहानपणी या म्हशीशिवाय जेवायची नाही. म्हैस तळ्याच्या काठाशी बसून पोरांना पाठीवर घ्यायची आणि अनघा तोंड उघडायची. अशा म्हशीसाठी हात आखडता कशाला घ्यायचा, म्हणून नलिनीने काही न विचारता सायीची बरणी खाली काढली. हा रंग तिने आजवर फक्त राजकन्या झालेल्या दोन हरिणींना दिला होता.

“मला ह्यो नगं,” भागामाई म्हणाली. मालिका काढणाऱ्यांनी सशाला पुस्तकी भाषा दिली होती आणि म्हशीला गावाकडची. माणूस झाल्यावर भाषा बदलून मिळत नाही. “मला तुमचा द्या.”

नलिनीला वाटलं ती पेन मागते आहे. तिने पेन पुढे केलं.

“हाताचा रंग म्हंते मी. त्योच.”

नलिनीने पदर मनगटापर्यंत ओढून घेतला आणि तो रंग शिल्लक नसल्याचं सांगितलं. भागामाईने फळीच्या टोकाकडे शांतपणे बोट दाखवलं. तिथली बरणी जवळजवळ झाकणापर्यंत भरलेली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी अर्जदाराने काही मागितलं होतं, आणि मागितलेला रंग नाकारायचा तर त्यासाठी वेगळा फॉर्म होता. त्याचा गठ्ठा नलिनीला कपाटाच्या तळातून शोधून काढावा लागला. फॉर्मवर एकच ओळ रिकामी होती: नाकारण्याचे कारण.

तिने ‘अर्जदाराच्या हिताचे नाही’ असं लिहिलं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं की हित म्हणजे काय ते स्पष्ट करावे. तिने तो फॉर्म फाडला. दुसऱ्यावर ‘समाजात अडचण येते’ असं लिहिलं, तर खाली अडचण करणाऱ्यांची नावं मागितली होती. नावं लिहायला बसली असती तर पहिलं कोणाचं लिहावं लागलं असतं, ते तिला माहीत होतं. तिने तोही फाडला.

“लई तरास हुतो व्हय त्येचा?” भागामाईने विचारलं.

मग जे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, ते नलिनी एका म्हशीला सांगत बसली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटक कुठलंही असो, राक्षसीण तीच. साडीच्या दुकानात माणूस तिच्याकडे एकदा बघायचा आणि न विचारता फिकी साडी उलगडायचा. तिला बघायला लोक येणार त्या सकाळी आईने डाळीचं पीठ आणि हळद एवढी घासली की गाल सोलवटले, आणि आलेल्यांपैकी एक बाई मायेने म्हणाली, की नाकीडोळी नीटस आहे हो, बाकी काय चालायचंच. भागामाई डोळे सावकाश मिटत-उघडत ऐकत होती.

“मग तुमी काय केलंसा?” ती म्हणाली.

हे तिने टोचून विचारलं नव्हतं. तिलाही आता माणसांत राहायचं होतं, काय करायचं असतं ते माहीत करून घ्यायचं होतं. पण नलिनीला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. तिने काय केलं होतं? दीड महिन्यापूर्वी तिने अनघाचा लग्नासाठीचा बायोडेटा टाइप करून आणला होता आणि त्यात ‘रंग’ या शब्दापुढे ‘निमगोरा’ असं घातलं होतं. अनघा म्हणजे हुबेहूब तेहेतीस नंबर. अनघाने कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि टीव्हीखाली सरकवून ठेवला. ती कबूल आहे असं नलिनीने समजून घेतलं, कारण तसं समजणं सोयीचं होतं.

“मी वीस वरसं तळ्याच्या काठाला बसून हुते,” भागामाई म्हणाली. “पोरं पाठीवर बसायची. काळीच हुते की मी. कुणी उतरलं न्हाई.”

बरण्यांकडे पाठ करून बसण्याची नलिनीला सवय होती, आज पहिल्यांदा ती पाठ जळल्यासारखी झाली. बगळा आठवला, तरस आठवलं, नंबरांच्या फळीवर ढकललेले कावळे, कोल्हे आणि खादाड डुकरं आठवली. तिने तिसरा फॉर्म घेतला आणि कारणाच्या ओळीवर लिहिलं: लाज वाटते.

तिला वाटलं होतं, हा फॉर्म पाहून साहेब भडकतील, आपल्याला सहाव्या टेबलावरून उठवतील आणि ते योग्यच होईल.

टेंबे साहेबांनी फॉर्म वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला. “कोणाला वाटते?” त्यांनी विचारलं.

“मला.”

“छान,” टेंबे म्हणाले. ते मनापासून बोलत होते. इतर कार्यालयांतले लोक इतकी वर्षं ‘शिल्लक नाही’ असं खोटं लिहितात आणि तपासणीत बरण्या भरलेल्या निघतात, मग उत्तरं देता देता त्यांच्या नाकी नऊ येतात. हे कारण स्वच्छ होतं आणि कुठल्याही तपासणीत टिकणारं होतं. त्यांनी ‘मान्य’ असा शिक्का मारला, पुढच्या छपाईत हे कारण फॉर्मवरच छापून घ्यायची सूचना समासात लिहिली आणि लाज वाटणारा रंग ठेवायचा कशाला, म्हणून तेहेतीस नंबर आजपासून बंद केल्याचा आदेश काढला.

नलिनी दारापर्यंत गेली तेव्हा त्यांना आणखी एक सुचलं. रंग बंद झाला, तर जी माणसं तो आधीपासून बाळगून आहेत त्यांचं काय? त्यांनी नियमांची वही चाळली. अशांनी आपला रंग कायम ठेवण्यासाठी अर्ज करावा, असं कलम निघालं.

“तुमच्यापासूनच सुरू करू, देशमानेबाई,” ते अदबीने म्हणाले आणि छापील अर्ज त्यांनी तिच्या हातात ठेवला. “घरातलं आणखी कोणी असेल तर त्यातच नाव घाला. म्हणजे एका फायलीत होईल.”

ती टेबलाशी परत आली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. भागामाईच्या कडा आता नीट दिसत नव्हत्या. नलिनीचा चेहरा पाहून तिने सायीच्या बरणीकडे हात केला. “लावा मग त्योच,” ती म्हणाली. “माज्यापायी तुमाला तरास नगं.”

आपली लाज झाकायला ही म्हैस जन्मभर सायीचा रंग अंगावर वागवायला तयार झाली आहे, हे नलिनीला कळलं, आणि आधीची लाज परवडली असं तिला वाटलं. ती अर्जदाराच्या बाजूच्या स्टुलावर बसली. अर्ज पुढे ओढला. स्वतःचं नाव लिहिलं, नंबर तेहेतीस, कधीपासून: जन्मापासून. मग घरातल्या इतर व्यक्ती. पहिलं नाव अनघाचं. मग तिने लिहिलं: तेहेतीस, जन्मापासून. तिच्याखाली लिहिलं: भागामाई, तेहेतीस, आजपासून. नात्याच्या रकान्यात ‘थोरली बहीण’.

नियमाप्रमाणे हा अर्ज साहेबांसमोर मोठ्याने वाचायचा असतो. नलिनीने वाचला. अनघाच्या नावाशी तिचा आवाज खाली गेला आणि टेंब्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली, त्यांना ऐकू आली नव्हती.

“बहीण आत्ताच कुठून आली?” त्यांनी विचारलं.

“मालिका बंद पडली,” नलिनी म्हणाली.

टेंब्यांना ते पटलं. त्यांनी सही केली.

साडेपाचला चार मिनिटं कमी असताना नलिनीने तेहेतीस नंबरची बरणी उघडली आणि कपाळापासून रंग लावायला घेतला. रंग थंड होता. भागामाई सुखावून डोळे मिटून बसली. शेवटी कानांच्या पाळ्या झाल्या तेव्हा घड्याळाचा ठोका पडला.

दोघी बाहेर आल्या. पहिलीच रिक्षा थांबली.

अनघा रक्ततपासणीच्या लॅबमधून नुकतीच घरी आली होती. तिने दार उघडलं, आधी आईकडे पाहिलं, मग भागामाईकडे, आणि काही न विचारता भागामाईला आत घेऊन पाणी दिलं. नलिनीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अर्जात तुझंही नाव घातलंय, खरा नंबर घातलाय, असंही सांगितलं.

“ऑफिसने विचारलं म्हणून घातलंस ना?” अनघा म्हणाली.

नलिनीने खाली पाहिलं. “हो,” ती म्हणाली.

अनघाने टीव्हीखालून चार घड्यांचा कागद काढला, उलगडला आणि पेनसकट आईसमोर ठेवला. नलिनीने ‘निमगोरा’ खोडलं. पुढे काय लिहायचं ते तिला सुचेना, बायोडेटात नंबर चालत नाही.

“तेहेतीसला नाव नाही?” अनघाने विचारलं.

“नाही.”

“मग काळा लिही. लोकांना कळतं.”

नलिनीने लिहिलं. मग अनघाने पानं वाढली आणि भागामाई मालिकेत जेवायची तशीच, एकेक घास फार सावकाश चावत जेवली.